बंदराकडे पाठ

लग्न ठरवण्यासाठी माझे सासरे पुण्याहून आमच्या घरी आले, तेव्हा पहिल्या दिवशी बाबांनी त्यांना कोकम सरबत दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विजयदुर्ग दाखवायला नेले. माझे माहेर गिर्ये आणि विजयदुर्ग यांच्या मधल्या एका वाडीतले, त्यामुळे आल्यागेल्याला किल्ला दाखवणे हा आमच्याकडे पाहुणचाराचाच भाग असे. तिन्ही तट, सदर, दारूकोठार, खलबतखाना असे सगळे दाखवून झाल्यावर बाबा त्यांना वाघोटनच्या खाडीकडल्या तटावर घेऊन गेले, खालच्या पाण्याकडे त्यांनी बोट दाखवले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘‘व्याहीबुवा, ह्या पाण्यात तुमच्या पेशव्यांनी आमचा आरमार जाळल्यानी.’’ आईला वाटले, झाले, सोयरीक मोडली. सासऱ्यांचे सारे आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेले. ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘तसे असेल तर पुण्यात त्याचे कागद असतील. पाहून कळवतो.’’

त्यांनी खरोखरच पाहिले. निवृत्तीनंतर ते सकाळचा फिरायला जाण्याचा वेळ वाचनालयात घालवू लागले. रियासतकार सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग त्यांनी क्रमाने नव्हे, तर कोकणाचा वास येईल तिथून वाचायला घेतले, आणि जे सापडेल ते पोस्टकार्डावर लिहून माझ्या बाबांना पाठवू लागले. बाबांचे उत्तर पंधरा दिवसांत येई. अकरा वर्षे दोन व्याह्यांचे हे भांडण पोस्टकार्डांवर चालू होते. एका बाजूला नारायण पेठेतली नानासाहेब पेशव्यांची वकिली आणि दुसऱ्या बाजूला विजयदुर्गाचे धनी तुळाजी आंग्र्यांची. मधे मी. माझ्या नवऱ्याने या वादात कधी भाग घेतला नाही. त्याचे म्हणणे असे की, दोघांनाही निकाल नकोच आहे. ती पोस्टकार्डे आता माझ्याकडे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत. दोन्ही हस्ताक्षरे एकाच डब्यात राहिली, कारण बाबा गेल्यावर आईने त्यांच्याकडची कार्डेही मला पाठवून दिली.

२०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्या यादीत विजयदुर्गाचे नाव पाहून मला डबा उघडावासा वाटला. पुण्यात त्या आठवड्यात अभिनंदनाचे संदेश धो धो कोसळत होते. शिवनेरी, राजगड आणि लोहगड आपल्याच जिल्ह्यातले म्हणून त्यांचा आनंद अधिक होता, आणि सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी ही नावे त्यामागून घेतली जात होती, जशी पंगतीत लांबच्या नातेवाइकांची विचारपूस होते तशी. मला त्याचा राग आला असे नाही. परंतु डिसेंबरात माझा पुतण्या गाडी घेऊन कोकणात निघाला, तेव्हा ‘‘काकू, तुम्ही येणार का?’’ हे त्याने विचारायच्या आधीच माझी पिशवी भरलेली होती, आणि पिशवीत डबा होता.

पुण्याहून विजयदुर्गाला जायला कोल्हापूर गाठून गगनबावड्याचा घाट उतरावा लागतो. बावडा म्हणजे अमात्यांची जहागीर. ज्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग म्हटले आणि ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र असे बजावले, त्यांच्या घराण्याचे ठाणे समुद्रापासून इतके दूर, घाटमाथ्यावर होते, ही गोष्ट मला दर वेळी घाट उतरताना आठवते. त्याच आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे याचेही नियम आहेत. सागवान वगैरे परवानगीने न्यावे, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. बाबांना हा भाग तोंडपाठ होता. आरमाराचा विचार करणाऱ्या माणसाला आंब्याचे झाड दिसत होते, यावर ते प्रत्येक पाहुण्यासमोर थांबत असत. तळेऱ्याहून पुढे पडेलपर्यंत दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा आणि मधे मधे जांभ्याचे उघडे सडे लागतात, तेव्हा त्यांचे ते थांबणे मलाही पटते.

किल्ल्यात शिरणारा माणूस पहिल्यांदा चकतो तो त्याच्या तटांमुळे. एकात एक असे तीन तट, सत्तावीस बुरूज आणि सुमारे सतरा एकरांचा आवार, हे सारे खाडीच्या तोंडाशी समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ टोकावर बसवलेले आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस मूळ किल्ला बांधला असे मानतात. पुढे तो आदिलशाहीकडे गेला आणि सतराव्या शतकाच्या मध्यानंतर शिवाजी महाराजांनी तो घेऊन वाढवला, मजबूत केला आणि त्याला आजचे नाव दिले. इंग्रजांच्या कागदांत मात्र तो शेवटपर्यंत घेरियाच राहिला, म्हणजे आमचे गिर्ये. माझ्या गावाचे नाव लंडनच्या दप्तरात किल्ल्याला चिकटले आहे, याचा बाबांना विशेष आनंद होता.

पश्चिमेच्या तटावर काही ओटे आहेत. त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकयर या शास्त्रज्ञाने तिथे दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला, असे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. आम्हा मुलांनाही तसेच सांगितले गेले होते. खरी गोष्ट अशी की, ते ग्रहण भारतातून पाहण्यासाठी आलेला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, आणि लॉकयरने आपले निरीक्षण त्यानंतर दोन महिन्यांनी, ग्रहण नसताना, इंग्लंडमध्येच केले. हे मी पुतण्याला सांगितले तेव्हा तो थोडा हिरमुसला. किल्ल्याला आकाशातला मान कशाला हवा, हे मला कधी कळलेले नाही; त्याच्या पायाशी पाणी आहे आणि जे काही घडले ते त्या पाण्यात घडले.

विजयदुर्गाला लोक येतात, तट पाहतात, पश्चिमेला तोंड करून मावळतीचे फोटो काढतात आणि बंदराकडे पाठ करून परत जातात. हा किल्ला त्या बंदरासाठी आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. वाघोटन नदीच्या मुखाशी वाळूचा बांध साचत नाही, त्यामुळे मोठ्या गलबताला भरती-ओहोटीचा हिशेब न मांडता आत येता येते. किल्ल्याचे टोक नैर्ऋत्येचा वारा अडवून धरते, म्हणून पावसाळ्यात सारा किनारा बंद असताना इथे जहाजाला आसरा मिळतो. पश्चिम किनाऱ्यावर अशी बंदरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आत शिरल्यावर खाडी कित्येक मैल डोंगरात वळत जाते आणि उथळ होत जाते. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते तळाने उथळ, वल्ह्यांवर आणि शिडावर चालणारी. खोल तळाचे युरोपी जहाज त्यांच्या मागे लागले, की ती खाडीत शिरत, किल्ल्याच्या तोफांच्या सावलीत जात आणि शत्रूला बाहेर तिष्ठत ठेवत. वारा पडला, की हीच गलबते वल्ही मारत बाहेर येत आणि हलता न येणाऱ्या जहाजाला मागच्या बाजूने गाठत. किल्ला गलबतांना राखत होता आणि गलबते किल्ल्याला. या जोडीतले एक काढून घेतले, तर दुसऱ्याचा नुसता दगड उरतो.

मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या हयातीत ही जोडी कोणाला फोडता आली नाही. १७२० मध्ये मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगिजांना बरोबर घेऊन इथे हल्ला केला. त्यासाठी त्यांनी ‘फ्रॅम’ नावाचा तोफांचा एक तरता मोर्चाच बांधून आणला होता, पण त्याचा उपयोग झाला नाही. १७२४ मध्ये डच आले आणि तेही हात हलवत परतले. इंग्रज कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणत, कारण ते आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडून दस्तकाचे, म्हणजे परवान्याचे, पैसे मागत आणि दस्तक नसलेले जहाज पकडत. पोर्तुगीज हेच दोनशे वर्षे करत होते आणि त्यांना कोणी चाचा म्हणाले नाही. समुद्रात भिंतच आहे, म्हणून परकी जहाजे फुटत, असे आमच्याकडचे जुने लोक सांगत. पुढे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची दगडी भिंत आढळली, तेव्हा त्या म्हाताऱ्यांची मान ताठ झाली.

पुण्याचा या गोष्टीत प्रवेश होतो तो चांगल्या बाजूने होतो, हे सासऱ्यांनी पहिल्याच पोस्टकार्डात लिहिले होते. ताराबाईंच्या पक्षाला असलेले कान्होजी शाहू महाराजांवर चालून येत होते, तेव्हा त्यांना वळवायला बाळाजी विश्वनाथ गेले. १७१३ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळच्या मांजरीला त्यांना पेशवेपद मिळाले आणि पुढल्याच वर्षी लोणावळ्याजवळच्या वळवण येथे कान्होजींशी समेट झाला. कान्होजींचे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, आणि किल्ले त्यांच्याकडेच राहिले आणि ते शाहूंच्या छत्राखाली आले. आज वळवणवरून द्रुतगती मार्गाने मुंबईला जाणाऱ्या माणसाला तिथे काही थांबण्यासारखे दिसत नाही. बाळाजी विश्वनाथ स्वतः श्रीवर्धनचे, समुद्राच्या आवाजात वाढलेले. ‘‘पेशव्यांना समुद्र कळत नव्हता हे आपले म्हणणे मागे घ्यावे,’’ असे सासऱ्यांनी कार्डाच्या शेवटी लिहिले आणि खाली सहीऐवजी ‘‘कळावे, लोभ असावा’’ असे टाकले.

बाबांनी उलट टपाली लिहिले की, आजोबांना समुद्र कळत होता, नातवाला, नानासाहेबांना, कळत होता का ते सांगा.

हा प्रश्न चांगला होता. कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. १७३५ मध्ये बाजीरावांनी तोड काढली. मानाजींकडे कुलाबा आणि वजारतमाब हा किताब, संभाजींकडे सरखेलपद आणि दक्षिणेकडचा भाग. आंग्र्यांचे एक आरमार होते, त्याची दोन झाली. बाबांच्या मते पुण्याने इथेच पहिली काडी टाकली. सासऱ्यांच्या मते भाऊ भांडत असताना मध्यस्थाने आणखी काय करायचे असते. संभाजींनंतर दक्षिणेकडचे सारे तुळाजींकडे आले. तुळाजी शूर होते, याविषयी दोन्ही व्याह्यांचे एकमत होते. अंजनवेलसारखे ठाणे त्यांनी सिद्दीकडून घेतले होते, इंग्रजांची आणि डचांची जहाजे पकडली होती. पण ते पेशव्यांचे वर्चस्व मानायला तयार नव्हते, आणि अमात्य, प्रतिनिधी यांच्या मुलुखांनाही त्यांच्या स्वाऱ्यांचा उपद्रव होऊ लागला होता. एखाद्या कर्त्या पुरुषाने घरातल्या उद्दाम भावाला वठणीवर आणावे, इथवर नानासाहेबांचे करणे माझ्या सासऱ्यांप्रमाणे मलाही समजते. त्यासाठी त्यांनी इंग्रजांना घरात बोलावले, तिथे मात्र माझी समजूत थांबते.

१७५५ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रज आणि पेशवे यांचा करार झाला. समुद्राकडून इंग्रजांनी आणि जमिनीवरून पेशव्यांच्या फौजेने तुळाजींना दाबायचे, किल्ले पेशव्यांना द्यायचे आणि मोबदल्यात इंग्रजांना बाणकोट. एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. विजयदुर्गाची पाळी पुढल्या वर्षी आली, आणि त्या वेळी मुंबईत अशी दोन माणसे हजर होती, की ती तिथे नसती तर कदाचित गोष्ट निराळी झाली असती. ॲडमिरल वॉटसन आपल्या शाही नौदलासह तिथे होता आणि इंग्लंडहून नुकताच परतलेला रॉबर्ट क्लाइव्ह आपल्या फौजेसह तिथे होता. निघण्यापूर्वी त्यांनी मुंबईत बैठक घेतली आणि किल्ल्यात जी लूट मिळेल तिच्या वाटण्या ठरवल्या. क्लाइव्हला नौदलातल्या अधिकाऱ्यांपेक्षा कमी हिस्सा मिळतो म्हणून रुसवाफुगवाही झाला. किल्ला मराठ्यांचा, तो मिळणार मराठ्यांना, आणि त्यातल्या पैशांच्या वाटण्या मराठ्यांना न विचारता आधीच ठरलेल्या. सासऱ्यांनी हे वाचले त्या दिवसाचे कार्ड फार छोटे आहे. ‘‘हिशेबाच्या दृष्टीने यांनी आधी नफा मांडला आणि मग धंदा केला,’’ एवढेच त्यात लिहिले आहे.

खाडीकडल्या तटावर मी पुतण्याला तो दिवस सांगायला बसले, तेव्हा ऊन कलले होते. त्यामुळे खरे तर वेळही जुळली होती. १२ फेब्रुवारी १७५६ या दिवशी दुपारी इंग्रजांची जहाजे दोन रांगा करून खाडीत शिरली आणि किल्ल्याच्या समोर नांगर टाकून तोफा डागू लागली. तुळाजी स्वतः त्या वेळी किल्ल्यात नव्हते. पेशव्यांच्या छावणीत तहाची बोलणी करायला ते गेले होते. इंग्रजांच्या नोंदींनुसार त्यांच्या आठ-नऊ गुराबा आणि साठेक गलबते किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना खेटून उभी होती. जे आरमार खाडीत पांगून वाचायचे, ते या वेळी एका जागी बांधलेले होते. इंग्रजांचा एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडूनच हिसकावलेले होते. त्याने पेट घेतला, वाऱ्याने आग शेजारच्या जहाजाच्या दोरखंडांवर नेली आणि संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचे सगळे आरमार, दोन पिढ्यांनी उभे केलेले, पाण्यावर उभ्या उभ्या जळून गेले. सागवान, राळ, डांबर, तागाचे दोर आणि कापडाची शिडे: जहाज म्हणजे एरवीसुद्धा विझवलेली होळीच असते.

पुतण्याने विचारले, ‘‘काकू, मग मराठ्यांची फौज काय करत होती?’’ पेशव्यांची फौज बाहेर होती, खंडोजी माणकर आणि रामाजी महादेव तिच्यावर होते, आणि किल्ला आपल्या हातात पडेल या अपेक्षेने ते थांबले होते. क्लाइव्हने मात्र त्याच रात्री आपली माणसे जमिनीवर उतरवली आणि किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्या मधे नेऊन बसवली. त्यामागचा हेतू लढाईपेक्षा राखण करण्याचा होता. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला तो इंग्रजांच्या हातात. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला आणि ठरल्याप्रमाणे त्याच्या वाटण्या झाल्या. पेशव्यांच्या वाट्याला त्यातला रुपयाही आला नाही. तुळाजी मात्र आले, आणि त्यांचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

विजयदुर्ग पुढे आठ महिने इंग्रजांकडेच राहिला. करार मोडला म्हणून नानासाहेब पत्रे लिहीत होते. शेवटी इंग्रजांचे वकील पुण्याला आले आणि १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्यात तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना आणि बाणकोट, दहा गावांसह, इंग्रजांना कायमचा. नकाशा समोर घेऊन बसले, की या देवघेवीतली बोच समजते. बाणकोट सावित्रीच्या मुखाच्या दक्षिण काठावर आहे, आणि उत्तर काठावर, अगदी समोर, हरिहरेश्वर. पेशव्यांचे कुलदैवत. तिथून श्रीवर्धन, त्यांचे मूळ गाव, काही कोसांवर. बाणकोटाच्या शेजारचे वेळास नाना फडणविसांच्या घराण्याचे. म्हणजे पुण्याच्या राज्यकर्त्यांनी आपल्या देवाच्या आणि पूर्वजांच्या दारातले बंदर देऊन बदल्यात एक असा किल्ला घेतला, ज्याच्या पाण्यातले आरमार आठ महिन्यांपूर्वी जळून खाक झाले होते. क्लाइव्ह आणि वॉटसन तोवर आपल्या वाटण्या घेऊन केव्हाच निघून गेले होते. दोघेही पुढे बंगालकडे गेले, आणि विजयदुर्गाच्या त्या दुपारनंतर सोळा महिन्यांनी, २३ जून १७५७ रोजी, प्लासीची लढाई झाली. नानासाहेब पर्वतीवर वारले तीही तारीख २३ जूनच, चार वर्षांनंतरची. याला काही अर्थ नाही, पण पर्वतीच्या पायऱ्या चढताना मला ती आठवते.

शनिवारवाडा माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्याला पाच दरवाजे आहेत आणि सर्वांत मोठा उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा. पश्चिमेला एकही नाही. वास्तूच्या दरवाजांवरून राज्याचे धोरण काढणे हा इतिहासातला आळशीपणा आहे आणि सासरे हयात असते तर त्यांनी मला तो करू दिला नसता. तरीही भाजी घेऊन येताना मी त्या पश्चिमेच्या सलग भिंतीच्या बाजूने जाते, तेव्हा तो आळशीपणा करायचा मोह मला होतो. बाबांना मी एकदा हे पत्रातून कळवले होते. त्यांनी ते तत्काळ व्याह्यांवर वापरले, आणि सासऱ्यांनी दोन महिने माझ्याशी जेवणाच्या ताटावर जरा तुटक बोलून सूड घेतला.

बाबांची बाजू भक्कम होती, पण ती पूर्ण खरी नव्हती आणि हे त्यांना ठाऊक असावे. ‘पेशव्यांनी आरमार जाळले’ एवढ्यावर गोष्ट संपत नाही. किल्ला हाती आल्यावर पेशव्यांनी विजयदुर्गाला स्वतःच्या आरमाराचा सुभा उभा केला आणि तो धुळपांकडे दिला. आनंदराव धुळपांनी १७८३ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीजवळच्या समुद्रात इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज त्याच्या सोबतच्या जहाजांसह लढून पकडले आणि विजयदुर्गाला आणले. गिर्याच्या रामेश्वराच्या देवळात टांगलेली मोठी घंटा १७९१ सालची, पोर्तुगीज जहाजावरची. लहानपणी आम्ही उड्या मारून ती वाजवायचा प्रयत्न करत असू. याच देवळाच्या आवारात संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. आंग्रे आणि त्यांच्या जागी आलेले धुळप, एकाची समाधी आणि दुसऱ्याने आणलेली घंटा, एका देवळात नांदतात. आमच्या गावात त्यावरून कोणी भांडल्याचे मला आठवत नाही. भांडण फक्त आमच्या घरात होते.

धुळपांचे आरमार शूर होते, यात शंका नाही. पण ते पुण्याच्या खजिन्यावर चालणारे एक खाते होते. आंग्रे दस्तकावर, जकातीवर आणि लुटीवर जगत. समुद्र हेच त्यांचे शेत होते, म्हणून जहाज मोडले की दुसरे बांधल्याशिवाय त्यांना गत्यंतर नसे. खात्याचे तसे नसते. पुण्यात पैशाची ओढाताण झाली, की सर्वांत लांबच्या खात्याला सर्वांत आधी कात्री लागते. हे मी कोणत्याही दप्तरात वाचलेले नाही, नवऱ्याने सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढली त्यावरून सांगते. १८१७ च्या नोव्हेंबरात पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढल्या जूनमध्ये विजयदुर्गही गेला. १७५६ प्रमाणे खाडीत आग लावायची गरज त्यांना या वेळी पडली नाही.

सासऱ्यांचे शेवटचे कार्ड मे महिन्यातले आहे. त्यांत नानासाहेबांचे नावही नाही. ‘‘आपण म्हणालात ती गिर्याची गोदी पाहण्याचे राहून गेले,’’ असे त्यांनी लिहिले आहे. ‘‘लांबी-रुंदी आपण नीट मोजून कळवावी, आपले आकडे नेहमी आमच्यापेक्षा मोठे असतात, म्हणून पावले कोणाची ते नमूद करावे. पावसाळा संपला की येतो.’’ त्या पावसाळ्यातच ते गेले. बाबांनी गोदी मोजली की नाही ते मला कळले नाही. त्यांचे उत्तर डब्यात नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोदीवर गेलो. किल्ल्यापासून खाडीने थोडे आत गेले, की काठाला एका खाचेत ती लागते. खडक फोडून आणि बाजूंना दगड रचून केलेला शंभर मीटरांहून लांब असा हौद आहे, आणि खाडीकडे एक अरुंद तोंड. भरतीला जहाज आत घ्यायचे, तोंड बंद करायचे, ओहोटीला पाणी काढून टाकायचे आणि कोरड्या जागी तळ तासायचा, डांबर भरायचे, मोडलेल्या फळ्या बदलायच्या. आंग्र्यांच्या आणि नंतर धुळपांच्या गलबतांनी इथे अंग टाकले. आता गोदीत गाळ भरला आहे आणि कडेने खारफुटी माजली आहे. तट पाहायला येणाऱ्या गाड्या इथवर येत नाहीत, फाट्यावर पाटीही लहानशी आहे.

पुतण्या काठाकाठाने चालत पावले मोजू लागला. पुढच्या टोकाला तो झुडपांत दिसेनासा झाला आणि तिथून ओरडला, ‘‘काकू, एकशे सेहेचाळीस!’’ मी डब्यातून सासऱ्यांचे कार्ड काढले. उत्तरासाठी त्यांनी खाली दोन बोटे जागा मोकळी सोडली होती. ‘‘रुंदी?’’ मी विचारले. ‘‘नव्वदच्या आसपास, पण मधे चिखल आहे, पाय बुडतो.’’ मी दोन्ही आकडे कार्डावर लिहिले आणि त्याच्यापुढे लिहिले, पावले पुतण्याची, उंची पाच फूट दहा इंच. तोवर भरती सुरू झाली होती. तोंडातून पाणी आवाज न करता आत येत होते, आणि आम्ही चपला ठेवल्या होत्या तो दगड भिजला होता.